भूल आणि काळीज

मराठीत 'भूल' हा एकच शब्द किती कामे करतो, हे पाहण्यासारखे आहे. रानात वाट चुकलेल्याला भूल पडते, हिशेबाच्या शेवटी 'भूलचूक देणेघेणे' असे लिहून आपण मोकळे होतो, आणि शस्त्रक्रियेच्या मेजावर रोग्याला भूल दिली जाते. पहिल्या दोन भुली नकळत घडतात. तिसरी मात्र जाणून, मोजून आणि माणसाच्या संमतीने देण्यात येते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद-उमरखेडपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत, शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाला सुरीपेक्षा या तिसऱ्या भुलीचेच भय अधिक वाटते, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. धर्मगुरू या नात्याने तैलाभ्यंगासाठी आम्ही रुग्णालयात जातो, तेव्हा 'कापतील का?' असे विचारणारे थोडे आणि 'जाग येईल ना?' असे विचारणारे पुष्कळ भेटतात.

या भयात एक खरा प्रश्न दडलेला आहे. भुलीचे औषध रक्तातून सर्व शरीरात जाते. मेंदू त्याने निद्रिस्त होतो, मग हृदय का निद्रिस्त होत नाही? शुद्ध हरपलेल्या देहात ते एकटेच कसे जागे राहते? वाचकहो, हा प्रश्न बालिश नाही. दीडशेहून अधिक वर्षे मोठमोठे वैद्य त्यावर भांडत आले, आणि त्या भांडणाचा एक मोठा अध्याय आपल्या वऱ्हाडाशी निगडित असलेल्या हैदराबाद नगरीत घडला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'हृदयाच्या गतीविषयी' या छोट्याशा निबंधाशी आमची ओळख झाली. हात हलवावा की नाही हे आपल्या इच्छेवर असते. हृदयाचे तसे नाही. त्याची गती इच्छेच्या आज्ञेने चालत नाही, ती सजीव देहाच्या स्वभावातूनच येते, असा त्या तेराव्या शतकातील विद्वानाचा विचार. आजचे शरीरशास्त्र वेगळ्या भाषेत बोलते. तरी हृदय स्वतःचा ठेका स्वतःच धरते, हे त्यालाही मान्य आहे. देहाबाहेर काढलेले बेडकाचे हृदय योग्य द्रवात ठेवले तर पुष्कळ वेळ धडधडत राहते. हा 'योग्य द्रव' कोणता, ते लंडनच्या सिडनी रिंगर यांना 1883 साली उमगले. त्यांच्या साहाय्यकाने शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले होते आणि त्या पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम होते. शुद्ध पाण्यात मीठ मिसळून पाहिले तेव्हा हृदय हळूहळू थांबले; चिमूटभर कॅल्शियम मिळताच ते पुन्हा आकुंचन पावू लागले. हृदयाच्या स्नायूला ठोक्याचा निरोप पोहोचवणारा दूत अशा रीतीने सापडला.

या निरोपाची वाट थोडक्यात सांगतो. हृदयस्नायूच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात. विजेची लहर आली की प्रथम सोडियमची द्वारे उघडतात, पाठोपाठ कॅल्शियमची. बाहेरून येणारे कॅल्शियम थोडेच असते. पण पेशीच्या आत कॅल्शियमचे एक कोठार असते आणि हे थोडे कॅल्शियम त्या कोठाराची कडी काढते. मग आतला साठा मोकळा होतो, तंतू एकमेकांवर सरकतात आणि ठोका पडतो. ठोका संपताच कॅल्शियम पुन्हा कोठारात भरले जाते. माणूस घाबरला, धावला वा त्याला वेदना झाली, तर ॲड्रेनलिन रक्तात उतरते, पेशीच्या आवरणावरील आपल्या जागी जाऊन बसते आणि आतील मध्यस्थांच्या साखळीतून एकच आज्ञा पाठवते : द्वारे अधिक उघडा, कोठार अधिक भरा, वेग वाढवा. भुलीची औषधे जेथे हात घालतात, ते ठिकाण हेच.

आता हैदराबादकडे वळू. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी नोव्हेंबर 1847 मध्ये क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. प्रसूतीच्या वेदना शमविणे धर्माविरुद्ध आहे, अशी हरकत कोणी घेईल म्हणून त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचाच आधार दिला : आदामाची फासळी काढण्यापूर्वी परमेश्वराने त्याला गाढ निद्रा आणली होती. पण तीन महिनेही झाले नव्हते, तोच 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता काही क्षणांत मरण पावली. नखासाठी जीव गेला. तेव्हापासून प्रश्न उभा राहिला तो असा : क्लोरोफॉर्म श्वास थांबवून मारतो की हृदय थांबवून? लंडनचे जॉन स्नो हृदयाकडे बोट दाखवीत; एडिंबरोचे गुरुकुल म्हणे, श्वासावर लक्ष ठेवा, बाकीची चिंता नको.

एडिंबरोच्या या परंपरेतील एक शल्यचिकित्सक, एडवर्ड लॉरी, हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन होते. येथे आपल्या जिल्ह्याचा धागा जुळतो. 1853 पासून वऱ्हाड निजामाच्या नावाचे, पण इंग्रजांच्या कारभाराखालचे होते आणि तो कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हाताखाली चाले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणीच्या नावाने ओळखला जाई. म्हणजे ज्या दरबारातून आपल्या आजोबा-पणजोबांच्या कापसाच्या शेताचा सारा ठरे, त्याच दरबाराच्या डॉक्टरांनी हा वाद मिटवण्याचे मनावर घेतले. 1888 मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष आला, की श्वास नेहमी आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले, 'लॅन्सेट'नेच आपला प्रतिनिधी पाठवावा म्हणून. त्याप्रमाणे 1889 मध्ये टॉमस लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादला आले. येताना त्यांचे मत हृदयाच्या बाजूचे होते. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाल्यावर ते पालटले आणि तसे त्यांनी तारेने लंडनला कळवले. हृदयावर क्लोरोफॉर्मचा थेट घाला पडत नाही, नाडी पाहत बसण्याचे कारण नाही, असा कौल जगभर गेला.

त्या काळी हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत रूपाबाई फर्दूनजी या पारशी विद्यार्थिनी क्लोरोफॉर्म देण्याचे शास्त्र शिकत होत्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. युरोपातील अनेक विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद असताना दख्खनच्या एका रुग्णालयात हे घडत होते, याचा आपणांस अभिमान वाटावा. परंतु अभिमान वेगळा आणि सत्य वेगळे. कमिशनचा कौल चुकीचा होता.

चूक कोठे झाली, ते समजून घेण्याजोगे आहे. क्लोरोफॉर्मची मात्रा वाढवीत नेली तर श्वास आधी थांबतो, हे हैदराबादला दिसले आणि ते खोटे नव्हते. पण हॅना ग्रीनर मात्रा फार वाढल्याने मेली, असे कोठे ठरले होते? 1889 मध्येच स्कॉटलंडच्या ॲबरडीनमधील जॉन मॅकविल्यम यांनी लिहिले होते, की माणसाचा आकस्मिक मृत्यू पुष्कळदा हृदय स्तब्ध झाल्याने होत नसून त्याच्या कक्षांच्या भिंती विस्कळीतपणे थरथरू लागल्याने होतो. पुढे 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले, की धोका खोल भुलीत नसून हलक्या भुलीत आहे. थोडासा क्लोरोफॉर्म आणि त्याच वेळी रक्तात ॲड्रेनलिनची उसळी, एवढे पुरेसे होते. क्लोरोफॉर्मने चिडखोर झालेला स्नायू ॲड्रेनलिनचा निरोप भलताच वाढवून ऐकतो, प्रत्येक पेशी आपापला ठेका धरते आणि थरथर सुरू होते. घाबरलेली, झटापट करणारी, अर्धवट शुद्धीतील पंधरा वर्षांची मुलगी! भय हेच तिच्या मृत्यूचे अर्धे कारण असावे.

आम्हांला या इतिहासातून एक गोष्ट फार बोचते. हैदराबादच्या मंडळींजवळ प्रामाणिकपणा होता, पैसा होता, प्रयोगांची संख्या होती. मात्र त्यांनी आपल्याला सोयीच्या स्थितीत प्रश्न विचारला आणि आलेले उत्तर सर्व स्थितींना लावले. 'नाडीकडे पाहू नका' ही शिकवण त्यानंतर अनेक वर्षे विद्यार्थ्यांना मिळाली. मेजावर अकस्मात मेलेल्यांची नातलग मंडळी 'दैव' म्हणून गप्प बसली असतील. संख्येने मोठा असलेला पुरावा योग्य जागेचा असेलच असे नाही, हे प्रवचनकारानेही ध्यानात ठेवावे.

क्लोरोफॉर्म आज गेला आहे. 1956 पासून हॅलोथेन वापरात आले. ते पेट घेत नसे आणि सुखद होते. भारतातील रुग्णालयांनी ते अनेक दशके वापरले. परंतु त्यालाही ॲड्रेनलिनचे वावडे होते. रक्तस्राव थोपवण्यासाठी जखमेत ॲड्रेनलिन टोचताना शल्यचिकित्सकाला भूलतज्ज्ञाची अनुमती विचारावी लागे. शिवाय हॅलोथेन हृदयपेशीची कॅल्शियमद्वारे अर्धवट मिटवते आणि आतील कोठारातून साठा झिरपू देते. परिणामी प्रत्येक ठोक्याला बळ कमी पडते. त्यानंतरची आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन ही औषधेही याच द्वारांवर हात ठेवतात, पण हलका. नसेतून देण्यात येणारे प्रोपोफॉल रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवते. केटामाइन उलट ॲड्रेनलिनच्या यंत्रणेला जागवून तो चढवते. अपघातात रक्त गमावलेल्या रोग्याला केटामाइन का दिले जाते, ते यावरून कळावे. म्हणजे हृदय जागे राहते ते औषध त्याला स्पर्श करीत नाही म्हणून नव्हे. स्पर्श होतोच. मेंदूला निजवणारी मात्रा आणि हृदयाला निजवणारी मात्रा यांत जे अंतर आहे, त्या अंतरावर सारी शस्त्रक्रिया उभी असते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या कथेला एक आशेचे वळण मिळाले. 1986 मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा पाच-पाच मिनिटे चार वेळा रोखला आणि मग चाळीस मिनिटे बंद ठेवला. अपेक्षा अशी की इजा अधिक होईल. झाले उलटे. आधी लहान संकटे सोसलेल्या हृदयाचा मृत भाग न सोसलेल्याच्या सुमारे एक चतुर्थांश भरला. पेशीने जणू पूर्वतयारी केली होती. मग 1997 मध्ये दिसून आले, की आयसोफ्लुरेनची वाफही हीच पूर्वतयारी घडवते. पेशीच्या आवरणावरील मध्यस्थ प्रथिने, त्यानंतर प्रोटीन कायनेज सी नावाचे विकर, त्यानंतर पेशीच्या ऊर्जागृहांतील म्हणजे मायटोकाँड्रियांतील पोटॅशियमद्वारे, अशी निरोपांची साखळी त्यामागे असल्याचे मानले जाते. मधुमेहाची जुनी, परिचित गोळी ग्लिबेनक्लामाइड ही पोटॅशियमद्वारे बंद करते आणि प्रयोगात तिने हे संरक्षण पुसून टाकले. निद्रा देणारे औषध हृदयाचे रक्षणही करते, ही कल्पनाच किती मोहक!

मोहक म्हणूनच तिची परीक्षा आवश्यक होती, आणि ती झाली. हृदयाच्या धमन्यांची बायपास शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या 5400 रोग्यांना तेरा देशांतील रुग्णालयांत दोन गटांत विभागले गेले; एकाला वाफेची भूल, दुसऱ्याला केवळ नसेतील भूल. 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षभरात मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 2.8 टक्के, दुसऱ्यात 3.0 टक्के. म्हणजे भेद नाही. श्वानाच्या हृदयात जे लख्ख दिसले, ते अनेक व्याधी आणि अनेक औषधे घेऊन येणाऱ्या माणसात उतरले नाही. यावेळी मात्र कोणी तार करून जगाला कौल दिला नाही. शोध लावणाऱ्यांनी परीक्षा होऊ दिली आणि उत्तर मान्य केले. हैदराबादपासून येथवर विज्ञानाने हा एक मोठा पल्ला गाठला, असे आम्ही समजतो.

वेदना शमविण्यासाठी शुद्ध हरपवणे योग्य का, हा प्रश्न इटलीच्या भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांना विचारला होता. 24 फेब्रुवारी 1957 रोजी त्यांनी उत्तर दिले, की वेदना सोसणे हे ख्रिस्ती माणसावर बंधन नाही आणि योग्य कारणासाठी शुद्ध हरपवणे निषिद्ध नाही. आमच्या धर्मग्रामात आजही कोणी 'फादर, सोसलं तर पुण्य नाही का?' असे विचारले, की आम्ही हे सांगतो.

एकदा मांडीचे हाड मोडलेल्या एका वृद्ध माउलीने मात्र आम्हांला निरुत्तर केले. शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी ख्रिस्तप्रसाद घेऊन झाल्यावर ती म्हणाली, "फादर, मले भूल देतीन तवा माह्या कायजाकडे कोन पायीन जी?" देव पाहील, हे उत्तर तिला ठाऊकच होते, ती माणसाविषयी विचारत होती. आम्ही तिच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांना गाठले. ते तिच्या खाटेशी आले आणि म्हणाले, "आजी, सर्जन हाडाकडे पाहतील, मी तुमच्या काळजाकडेच पाहत बसणार. तेच माझं काम." मग त्यांनी तिला सांगितले, की पूर्ण भूल देणार नाही, कमरेत मणक्यात इंजेक्शन देऊ. त्याही औषधाला हृदयाचे दार ठाऊक असते, हे आम्हांला त्यांनी बाहेर आल्यावर समजावले. बधिर करणारी औषधे मज्जातंतूतील सोडियमद्वारे बंद करून वेदनेचा निरोप अडवतात. हृदयपेशीतही तशीच द्वारे आहेत. म्हणून लिग्नोकेन दाताचा हिरडाही बधिर करते आणि हृदयाच्या चुकार ठोक्यांवर औषध म्हणूनही चालते. ब्युपिव्हाकेन मात्र हृदयाच्या द्वारात चटकन शिरते आणि सावकाश निघते. मोठी मात्रा चुकून रक्तात गेली तर हृदय थांबू शकते. मणक्यात ते अगदी थोडे लागते, म्हणून तेथे ही भीती अल्प. स्निग्ध द्रव नसेत देऊन या विषबाधेवर मात करता येते, हे 1998 मध्ये उंदरांवरील प्रयोगात प्रथम दिसले आणि आता ते माणसांसाठीही वापरतात.

त्या संभाषणात डॉक्टरांनी जी तक्रार केली, तिच्यासाठीच हा लेखप्रपंच. "लोक आम्हांला खरं सांगत नाहीत, फादर," ते म्हणाले. रोग्याला उपाशी पाहवत नाही म्हणून घरची मंडळी पहाटे गुपचूप चहा-पोळी देतात. खर्रा, तंबाखू, मोहाची दारू यांचा विषय निघाला की सारे खाली पाहतात. रक्तदाबाची गोळी आपल्याच मनाने बंद करतात; साखरेची गोळी कोणती, ते घरी विसरतात. यांतील काही गोष्टींचा हृदयपेशीच्या कोणत्या ना कोणत्या द्वाराशी संबंध आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : फवारणी केली होती का? 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने ते दिवस पाहिले आहेत. फवारणीच्या औषधांतील ऑर्गनोफॉस्फेट वर्गाची विषे ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकाचे विघटन करणारे विकर निकामी करतात. हृदयाला 'सावकाश' म्हणणारा निरोप मग थांबतच नाही. ठोके मंदावतात, छातीत स्राव दाटतात. त्यावर ॲट्रोपिन देतात, तेच ॲट्रोपिन जे शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाच्या हाताशी असते. शिवाय भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सामेथोनियम वापरले, तर ते मोडणारे रक्तातील विकरही याच विषाने बाधित झालेले असते. काही मिनिटांत उतरणारा परिणाम कितीतरी लांबतो आणि तोवर रोग्याचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर ते दुसरे औषध निवडतात. ठाऊक नसेल तर?

म्हणून आमची वाचकांना, विशेषतः खेड्यांतील आमच्या बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे. रोग्याला घेऊन जाताना त्याच्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्या. उपाशी ठेवा म्हटले तर उपाशीच ठेवा. शेतात काय फवारले, केव्हा फवारले, डब्यावर काय नाव होते, ते सांगा. व्यसन असेल तर तेही सांगा. तेथे कोणी कबुली ऐकून प्रायश्चित्त देणार नाही. भूलतज्ज्ञ भेटायला आले, की त्यांचे नाव विचारा आणि रोग्याचा हात त्यांच्या हातात द्या. भयाने उसळणारे ॲड्रेनलिन कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हांला तरी माहीत नाही.